मूल वाढते आहे. आपण पाहतो आहोत का?

(सातारा आणि सांगली येथे पालक व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यांत केलेल्या भाषणाचा हा संकलित मजकूर.)



बालकांची वाढ आणि विकास या विषयावर बोलण्यासाठी बालरोगतज्ज्ञांना बोलवायचे सोडून आपण एका पत्रकाराला बोलावलेत, याचे मला प्रथम नवल वाटले. मी कला शाखेचा पदवीधर. तीस वर्षे बातमीदारी केली. उसाचे दर, कृष्णेचा पूर, पाणीवाटपाची भांडणे आणि निवडणुका यांवर रकानेच्या रकाने लिहिले. लहान मुलांवर एक ओळ लिहिली नाही. तरीही मी होकार दिला, कारण या विषयात मी तज्ज्ञ नसलो तरी साक्षीदार आहे. आमच्याच घरात घडलेल्या एका चुकीचा साक्षीदार, आणि खरे सांगायचे तर त्या चुकीतला एक भागीदारही.

साताऱ्यात मी बोललो तेव्हा सभा संपल्यावर एक आजी पुढे आल्या. म्हणाल्या, “नातवाला दीड वरीस झालं. चालतोय, पळतोय, पण तोंडातनं एक शब्द न्हाई. सून म्हणती डॉक्टरांना दाखवू. ल्योक म्हणतो, मीबी तीन वर्सांनीच बोललो. मी कुणाचं ऐकू?” मी त्यांना म्हणालो, “सुनेचं ऐका.” पाठीमागे माणसे उभी होती, बस गाठायची होती, म्हणून अधिक बोलता आले नाही. सुनेचे का ऐकायचे, ते आज येथे सांगलीत सविस्तर सांगतो.

१९९४ साली माझ्या थोरल्या भावाला मुलगी झाली. आमचे गाव वाळवा तालुक्यात. घर मोठे, माणसे पुष्कळ. मूल गोरेगोमटे, हसरे, वेळेवर मान धरणारे, वेळेवर बसणारे. अकराव्या महिन्यात ते उभे राहिले तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. दीड वर्ष झाले, दोन झाली, तरी ती बोलेना. वहिनीने विषय काढला की घरातून एकच उत्तर मिळे: “बोलेल हळूहळू. आजोबाही चौथ्या वर्षी बोलले होते, पुढे तालुक्यात भाषणे ठोकली!” वहिनीला शंका होती, ती ऐकण्याची. पण आम्ही सर्वांनी मिळून ती खोटी ठरवली. कशी, ते ऐका. आजी मागे उभी राहून टाळी वाजवी आणि मुलगी वळे. ताट पडले की दचके. दार आपटले की पाही. मग ऐकू येत नाही कसे म्हणायचे?

पुढे कळले, की ती ऐकत नव्हती, पाहत होती. टाळी वाजवणाऱ्याची सावली पुढे पडते. ताट पडले की फरशी थरथरते आणि तो थर तळपायाला कळतो. दार आपटले की वाऱ्याचा झोत येतो. निसर्गाने एक वाट बंद केल्यावर त्या चिमण्या जिवाने दुसऱ्या तीन वाटा शोधल्या होत्या, आणि तिच्या त्या हुशारीनेच आम्हांला फसवले. आणखी एक गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. जन्मतः बहिरे असलेले मूलही पहिले काही महिने इतर मुलांसारखेच हुंकार देते, ‘आ-ऊ’ करते. स्वतःचा आणि दुसऱ्यांचा आवाज कानी न पडल्यामुळे सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास त्याचे ते बोबडे आवाज वाढायचे थांबतात, ओसरत जातात. ‘आधी बडबडायची, मग शांत झाली’ असे आम्ही म्हणत होतो. ‘समजूतदार आहे’ असेही म्हणत होतो!

जवळच्या गावातल्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनीही थांबायला सांगितले. घरच्यांना हवे होते तेच ऐकायला मिळाले, त्यामुळे दुसऱ्या कोणाला विचारण्याचा प्रश्नच उरला नाही. अखेर पावणेचार वर्षांची असताना तिला पुण्याला नेऊन श्रवणचाचणी केली. दोन्ही कानांनी फारच थोडे ऐकू येत होते. कानाला यंत्र लागले, वाचाशिक्षण सुरू झाले. पण भाषा ज्या वर्षांत आपोआप रुजते ती वर्षे हातची गेली होती. त्या साऱ्या काळात मी रोज दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरत होतो, आणि घरातल्या एका स्त्रीच्या प्रश्नाकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते.

एवढे घरचे पुरे. आता विषयाकडे वळू.

आपल्या पूर्वजांनी मुलाच्या वाढीकडे दुर्लक्ष केले, असे कोणी म्हणू शकणार नाही. बाराव्या दिवशी पाळणा, चौथ्या महिन्यात घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन, सहाव्या महिन्यात उष्टावण, पुढे जावळ, कान टोचणे, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण! संस्कारांची ही मालिका नीट पाहिली तर ती मुलाकडे ठरावीक वेळाने सर्वांनी एकत्र बसून पाहण्याची योजनाच दिसते. सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे, आणि आजचे बालरोगशास्त्रही आईच्या दुधाला वरच्या अन्नाची जोड सहा महिने पूर्ण झाल्यावरच द्या म्हणते. काश्यपसंहिता या आयुर्वेदातील बालचिकित्सेच्या ग्रंथात ‘वेदनाध्याय’ नावाचा एक अध्याय आहे. ज्याला बोलता येत नाही त्या मुलाला कुठे दुखते हे त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे, एवढाच त्याचा विषय. कान दुखत असेल तर मूल हाताने कानाला स्पर्श करते, डोके हलवते, इतके बारीक निरीक्षण त्यात आहे. मुलाला जमिनीवर बसवण्याचा विधी जिथे सांगितला, तिथेच त्याला फार वेळ बसवून ठेवू नये, असेही बजावले आहे.

पण आज आपण काय करतो? बोरन्हाणाला हलव्याचे दागिने येतात, छायाचित्रकार येतो, दोनशे छायाचित्रे निघतात. अंगावरून घरंगळणारी बोरे, चुरमुरे आणि गोळ्या मूल दोन बोटांच्या चिमटीत उचलते की मुठीत गोळा करते, हे कोणी पाहते का? वर्षाच्या आतबाहेरचे मूल अंगठा आणि तर्जनी जुळवून बारीक वस्तू उचलू लागते. ती विकासाची एक महत्त्वाची पायरी आहे आणि बोरन्हाण ही ती पाहण्याची आयती संधी. (बोरे आणि गोळ्या तोंडात जाणार नाहीत एवढे मात्र जवळ बसून पाहा. घशात अडकतात.) विधी राहिला आणि दृष्टी गेली, तर विधीचा उपयोग काय?

विकासाचे टप्पे म्हणजे शर्यतीतले खांब नव्हेत, हे आधी स्पष्ट करतो. नाहीतर आजचे भाषण ऐकून उद्या शेजारणीच्या मुलाशी तुलना सुरू व्हायची. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडची मुले दिल्लीची होती. आधाराशिवाय बसणे कोणाला चौथ्या महिन्यात जमले, कोणाला सव्वानऊ महिन्यांनी. स्वतंत्र चालणे कोणी सव्वाआठव्या महिन्यात सुरू केले, कोणी साडेसतराव्या. शेकडा चार मुले तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली, आणि त्यांचे काही बिघडले नाही. म्हणजे निसर्गाने मोठी मुभा ठेवली आहे. पण मुभेलाही शेवटची तारीख असते, आणि ती ओलांडली की ‘होईल हळूहळू’ म्हणण्याचा अधिकार संपतो.

विदेशी मापे आपल्या मुलांना कशी लावायची, असा प्रश्न काही जण विचारतात. प्रश्न योग्य आहे, आणि तो आपल्याच माणसांनी फार पूर्वी विचारला होता. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात एक ते तीस महिन्यांच्या भारतीय बालकांचा मानसिक आणि शारीरिक हालचालींचा विकास तपासून १९७० साली अहवाल दिला. त्यातून भारतीय बालकांसाठीची विकास-मापनश्रेणी तयार झाली, १९९७ साली ती सुधारण्यात आली, आणि आजही देशभरातील बालविकास केंद्रांत ती वापरतात. एका मराठी विदुषीचे हे काम किती मराठी घरांना ठाऊक आहे? असो.

आता आईबापांनी आणि आजीआजोबांनी लक्षात ठेवायच्या खुणा. दोन महिन्यांच्या सुमारास मूल आपल्या चेहऱ्याकडे पाहून हसते. झोपेतले हसणे वेगळे. त्याला आपण ‘सटवाई हसवते’ म्हणतो. डोळ्याला डोळा भिडवून दिलेले हसू हवे. तीन महिने उलटूनही ते आले नाही तर दाखवा. चौथा महिना सरत आला तरी मान डुगडुगते, बाळ उचलले की डोके मागे पडते, किंवा अंग लाकडासारखे ताठ वाटते, तरी दाखवा. तीन महिन्यांनंतरही मुठी घट्ट आणि अंगठा आत मुडपलेला, हीसुद्धा खूण आहे. नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिन्यांपर्यंत चालत नाही, तर एक दिवसही थांबू नये.

एक खूण आवर्जून सांगतो, कारण आपण तिचे कौतुक करतो. सात-आठ महिन्यांचे बाळ सर्व काही डाव्याच हाताने घेते आणि घरात आनंदाने सांगतात, “आमचा डावखुरा होणार!” वर्षाच्या आत मूल सहसा डावे-उजवे ठरवत नाही, दोन्ही हात सारखे वापरते. एकच हात वापरत असेल तर दुसरा का वापरत नाही, हे पाहावे लागते. कधी कधी त्या बाजूचा हात-पाय दुर्बळ असतो, आणि मेंदूला झालेल्या इजेची ती पहिली खूण असू शकते. त्या वयात व्यायामोपचार सुरू झाले तर पुष्कळ काही सावरता येते.

बोलण्याचे आणि समजण्याचे टप्पे मात्र आपण सर्वांत कमी पाहतो. चालणे सर्वांना दिसते, समजणे दिसत नाही. नऊ महिन्यांच्या सुमारास मूल आपल्या नावाला वळून पाहते. वर्षाच्या आसपास ‘बाबाबा, दादादा’ अशी अक्षरांची माळ लावते, टाटा करते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते. हे बोट दाखवणे फार मोलाचे. चंद्र दाखवताना मूल आधी चंद्राकडे आणि मग आपल्याकडे पाहते: ‘मी पाहिले, तूही पाहा.’ दोन मनांना जोडणारा हा पहिला पूल होय. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्दांचे स्वतःचे वाक्य नाही, हाकेला प्रतिसाद नाही, डोळ्यांत पाहणे नाही, बोट दाखवणे नाही, तर वाट पाहू नका. आणि कोणत्याही वयात, आलेले बोलणे किंवा हसणे-खेळणे पुन्हा गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

साताऱ्याच्या आजींना मी सुनेचे ऐका म्हणालो ते यासाठी. नातू चालतो, पळतो, हे खरे. पण पायांचा विकास जिभेची हमी देत नाही. ‘बापही उशिरा बोलला’ हे खरे असेलही. उशिरा बोलणारी कित्येक मुले पुढे नीट बोलतात. परंतु आपोआप बोलणारा कोणता आणि ऐकू न येणारा कोणता, हे घरात बसून ओळखता येत नाही. कानाची तपासणी वेदनारहित असते, आणि निष्कर्ष निर्दोष निघाला तर घरच्यांनी गमावले काय? एक दिवस!

नावाला वळून पाहण्याचा विषय निघाला म्हणून साताऱ्याचीच एक गोष्ट सांगतो, आणि सातारकरांनी ती ऐकून मान खाली घातली होती. मुलगाच हवा असताना दुसरी-तिसरी मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकोशी’ ठेवण्याची रीत त्या जिल्ह्यात होती. २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. जी मुलगी पहिल्या वर्षी ‘नकोशी’ या हाकेला वळून पाहायला शिकली, ती उशिरा बसते की उशिरा बोलते, हे कोण पाहणार होते? नाव बदलले हे उत्तम झाले. पण नाव ‘लक्ष्मी’ असूनही मुलीला तपासायला नेताना ‘बघू पुढच्या महिन्यात’ आणि मुलाला नेताना ‘आजच’, असे अजून सुशिक्षित घरांतही घडते. आमच्या घरी मुलगा असता तर पावणेचार वर्षे लागली असती का, हा प्रश्न वहिनीने मला एकदा विचारला होता. मी उत्तर दिले नाही.

वाढ आणि विकास हे दोन वेगळे शब्द आहेत. वाढ वजनकाट्यावर आणि टेपवर दिसते. जन्मवजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट होते. जन्मतः सुमारे पन्नास सेंटिमीटर लांबीचे बाळ वर्षाला पंचाहत्तरच्या आसपास आणि चार वर्षांना शंभराच्या आसपास पोहोचते. डोक्याचा घेर पहिल्या वर्षात जवळजवळ बारा सेंटिमीटरने वाढतो, कारण आत मेंदू वाढत असतो. म्हणून वजनाबरोबर डोक्याचा घेरही मोजून घ्या. तुमच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल. लसीच्या तारखा पाहून आपण ते कपाटात ठेवतो. त्याच कार्डात वजनाचा आलेख आहे आणि विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले आहेत. आलेखात एका महिन्याच्या बिंदूला फारसे महत्त्व नाही, रेघेच्या दिशेला आहे. रेघ वर जाते ती ठीक; आडवी झाली तर विचारा; खाली वळली तर धावा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण होय, मग घर बंगल्याचे असो वा झोपडीचे.

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलांविषयी एक सूचना. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर टप्पे मोजताना दोन वर्षांपर्यंत वयातून ते दोन महिने वजा करावेत. नाहीतर विनाकारण काळजी लागते.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती आपल्यासारख्या शाकाहारी घरांनी नीट ऐकावी. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच; ते दूधदुभत्यातून आणि सामिष आहारातून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा प्रदीर्घ अभ्यास चालवला. गरोदर स्त्रियांत या जीवनसत्त्वाची कमतरता किती व्यापक आहे, हे त्यातून पुढे आले. आईच्याच शरीरात नसेल तर दुधातून बाळाला कोठून मिळणार? अशी बाळे सहाव्या-आठव्या महिन्यानंतर मलूल होतात, फिकट दिसतात, हसेनाशी होतात, बोटांच्या पेरांवर काळसर झाक येते, आणि बसू लागलेले मूल पुन्हा लोळू लागते. घरात म्हणतात, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळा, माझी हरकत नाही. पण त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे न्या. रक्ततपासणी झाली आणि इंजेक्शने सुरू झाली की अशी मुले थोड्याच दिवसांत हसू लागतात. उशीर झाला तर मात्र मेंदूवरचा परिणाम मागे राहू शकतो. आईचे दूध बंद करू नये, आईलाही उपचार द्यावेत. गरोदर सुनेने आपले ब-१२ तपासून घ्यावे, हे डोहाळजेवणाच्या आधीचे काम आहे.

दुसरा आजार थायरॉइडचा. काही बाळांत ही ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. बाळ शांत, झोपाळू, ‘अजिबात त्रास न देणारे’ असते आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबाने निदान होते. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक छोटी गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखे वाढते; दुर्लक्ष झाले तर बुद्धी कायमची खुंटते. शेजारच्या गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या अशा तपासणीचा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे बाळंतपण कुठेही होवो, ही तपासणी आणि कानांची तपासणी होणार का, हे विचारण्याचा संकोच करू नका. खोलीत वातानुकूलन आहे का, हे आपण विचारतोच.

मोबाइलविषयी थोडेच बोलतो, कारण या विषयावर रागावणे सोपे आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वयात दिवसाला एका तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे. घास भरवताना मोबाइल लावला की घास लवकर जातात. पण ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ या पाच मिनिटांत जी दोनशे शब्दांची देवघेव होत होती ती जाते. पडद्यावरचे पात्र मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. तसेच चाकांच्या बैठ्या वॉकरचे. त्यात टांगलेले मूल लवकर चालत नाही, उलट पडते. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा होता. तो मुलाला स्वतः उभे राहून ढकलावा लागे. सुतार मिळत असेल तर तो करून घ्या.

या सर्व खुणा ठाऊक असूनही माणसे डॉक्टरांकडे का जात नाहीत? पैसा हे एक कारण आहे, पण पहिले नव्हे. पहिले कारण भीती, की ‘मुलाला काहीतरी आहे’ असे एकदा म्हटले की ते खरे होईल. दुसरे, सुनेवर येणारा दोष. ग्रहणात भाजी चिरली असेल, तिच्या माहेरी असेल कोणी तसे, नोकरी करते म्हणून लक्ष नाही. हे बोलणे ज्या घरात होते त्या घरातली आई आपली शंका गिळते. ती दिवसातले अठरा तास मुलासोबत असते. तिला जे दिसते ते दहा मिनिटे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही दिसत नाही. तेव्हा आजीआजोबांना माझी विनंती आहे, की सुनेने शंका बोलून दाखवली तर घरात तिची बाजू पहिल्यांदा तुम्ही घ्या. तिसरे कारण समाज, म्हणजे आपणच. ‘वेडसर’ हा शब्द आपल्या तोंडून किती सहज जातो!

डॉक्टरांकडे गेल्यावर पुढे काय, हे कार्यकर्त्यांना माहीत असावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मतः असलेले दोष, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा यावीत अशी योजना आहे. पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र उपचार केंद्रांची व्यवस्था आहे. तेथे बालरोगतज्ज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी मिळावेत, हा हेतू. पदे रिकामी असतात, चकरा माराव्या लागतात. पत्रकार असल्यामुळे ते मी लपवणार नाही. पण मागणाराच आला नाही तर पदे भरली जात नाहीत, हेही मी पाहिले आहे. ‘मुलाची बुद्धी वाढवून देतो’ म्हणणाऱ्या औषधांच्या जाहिराती मात्र दूर ठेवा. खरे काम रोज घरी अर्धा तास शिकवल्याप्रमाणे व्यायाम करण्याचे आणि बोलण्याचे असते; ते दिसायला क्षुल्लक असते आणि महिनोन्महिने करावे लागते.

एक गट या सर्वांतून निसटतो. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड कुटुंबे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत येतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्यांतल्या तान्ह्या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि मूल कारखान्याच्या तळावर, असे चार-पाच महिने चालते. त्याचे वजन तिथे होत नाही आणि इथेही होत नाही. अंगणवाडी हा शब्दच ज्यांच्या कामातून रूढ झाला, त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला हेच केले होते: मूल शाळेत येत नाही म्हणून शाळा मुलाच्या अंगणात नेली. आपल्यापैकी ज्यांना या हंगामात काही करायचे असेल त्यांनी एक टेप, एक वजनकाटा घेऊन आरोग्यसेविकेबरोबर तळावर जावे. भाषण करू नये. आयांना विचारावे, “पोरगं हाकेला बघतं का?”

माझ्या पुतणीचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात असेल. ती शिकली. ओठांवरून शब्द वाचते, तुटक पण कळेल असे बोलते. इथेच सांगलीत एका लेखापालांकडे संगणकावर हिशेबाचे काम करते. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला. प्रसूतीपूर्वीच तिने रुग्णालयाला लिहून कळवले होते, की आईला ऐकू येत नाही, तेव्हा बाळाच्या कानांची तपासणी दोन्ही प्रकारांनी करावी. तिसऱ्या दिवशी तिने मला अहवालाचे छायाचित्र पाठवले. दोन्ही कानांपुढे ‘पास’ लिहिलेले होते. खाली तिचा निरोप होता: “काका, सहाव्या महिन्यात पुन्हा तपासणार आहे.” आणि तिने ते तपासले.